भारतीय पासपोर्टवर परदेशात इंग्रजी शिकवायचंय? सुरुवात इथून करा

"मॅडम, तिकडे इंग्रजीच्या शिक्षकांना फार मागणी आहे म्हणे. माझं कुठे जमेल का?" असा फोन मला महिन्यातून दोन-तीनदा येतो. बोलणारी व्यक्ती बहुधा एखाद्या विनाअनुदानित शाळेत किंवा तासिका तत्त्वावर शिकवत असते. महाराष्ट्रात २०२३ मध्ये शिक्षणसेवकांचं मानधन वाढलं. प्राथमिकला १६ हजार, माध्यमिकला १८ आणि उच्च माध्यमिकला २० हजार झालं. पण त्या यादीत नाव नसलेले शिक्षक खूप आहेत, आणि त्यांच्या हातात महिन्याला काय पडतं हे मला ठाऊक आहे. सातारा जिल्ह्यात आठ वर्षं मी तेच केलं. नंतर तीन वर्षं थायलंडच्या ईशान्य भागात शिकवलं आणि आता मस्कतमध्ये आहे. फोनवर मी जे तुकड्यातुकड्यांनी सांगते, ते इथे सलग लिहिते आहे.

पहिली गोष्ट. नोकरी शोधायला लगेच बसू नका. आपल्या पासपोर्टवर, आपल्या पदवीवर कोणत्या देशाचा कायदा आपल्याला शिक्षक म्हणून आत घेतो, ते आधी पाहा. हे न पाहता शंभर ठिकाणी अर्ज करणाऱ्यांना शंभर नकार येतात आणि मग वाटतं, आपलंच इंग्रजी कच्चं आहे. बहुतेक वेळा तसं नसतं.

कोणती दारं उघडी आहेत

जाहिरातींत 'नेटिव्ह स्पीकर' हे शब्द सारखे दिसतील. त्याचा व्यवहारातला अर्थ ठरलेला आहे: अमेरिका, ब्रिटन, आयर्लंड, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका या सात देशांचा पासपोर्ट. दक्षिण कोरियाचा इंग्रजी शिक्षकांचा व्हिसा मुळात याच सात देशांसाठी आहे. तिथे भारतीयांना एक अपवाद मिळतो. भारत आणि कोरिया यांच्यातला सर्वंकष आर्थिक करार १ जानेवारी २०१० पासून लागू झाला आणि त्यात इंग्रजीचे सहाय्यक शिक्षक म्हणून भारतीयांना जाता येईल अशी सोय झाली. अट अशी की पदवी हवी आणि इंग्रजी विषयाची शिक्षक म्हणून पात्रता हवी. म्हणजे इंग्रजी घेऊन बी.एड. केलेल्यांनी हा रस्ता जरूर तपासावा. मात्र खाजगी क्लासवाल्यांच्या जाहिरातींत या कराराचा उल्लेख सहसा नसतो आणि अनेक मालकांना तो माहीतही नसतो.

जपानमध्ये पासपोर्टपेक्षा शिक्षणाचं माध्यम बघतात. इंग्रजी मातृभाषा नसलेल्या माणसाला भाषाशिक्षकाचा व्हिसा हवा असेल, तर किमान १२ वर्षं इंग्रजी माध्यमातून शिक्षण झाल्याचा पुरावा द्यावा लागतो. पहिली ते बारावी इंग्रजी माध्यमात शिकलेल्यांचा हिशेब इथे नेमका बसतो. मराठी माध्यमातून आलेल्यांनी पदवी आणि पदव्युत्तर वर्षं मोजून बघावीत, बहुधा ती पुरत नाहीत. सेमी-इंग्रजीची वर्षं धरली जातील या आशेवर राहू नका.

चीनचा विचार आपण सोडून द्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे. तिथे भाषाशिक्षकाच्या परवान्यासाठी मुळात ती भाषा मातृभाषा असलेल्या देशाचा नागरिक असावा लागतो. दुसऱ्याच कारणाच्या व्हिसावर जाऊन शिकवणारे पकडले गेले की दंड, अटक आणि हकालपट्टी असे प्रकार होतात.

मग आपल्यासाठी खरोखर रुंद दार कोणतं? आखातातल्या भारतीय शाळा. दुबईची द इंडियन हायस्कूल १९६१ सालची, मस्कतची इंडियन स्कूल १९७५ सालची. सीबीएसई चालवणाऱ्या अशा शाळा संयुक्त अरब अमिराती, ओमान, कतार, कुवेत, बहारीन आणि सौदीत मिळून भरपूर आहेत. तिथे भारतीय शिक्षक हाच नेहमीचा शिक्षक असतो, आणि आपली एम.ए., बी.एड. ही पदवी समजावून सांगावी लागत नाही. बी.एड. आणि किमान दोन वर्षांचा पूर्णवेळ अनुभव ही साधारण अपेक्षा असते. वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं, म्हणून मुलाखतींचा हंगाम नोव्हेंबर ते मार्च. मुंबईतही मुलाखती होतात.

दुसरं दार थायलंडचं. तिथे कोणत्याही विषयाची पदवी चालते, बी.एड. असेल तर उत्तम. इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांकडून इंग्रजीच्या परीक्षेचे गुण मागतात. बहुतेक शाळा टोइक परीक्षेत ६०० च्या वर किंवा आयेल्ट्सचे तुल्य गुण पाहतात. पगाराबाबत खोटं सांगणार नाही. सात देशांतल्या शिक्षकापेक्षा आपल्याला कमी मिळतो. फिलिपिनो शिक्षकांशी आपली स्पर्धा असते आणि माझ्या पाहण्यातल्या जाहिराती १८ ते २५ हजार बाथच्या होत्या. तेवढ्यात साधं राहून थोडं मागे टाकता येतं. घर बांधायला पैसे पाठवायचे असतील, तर आखात बरं.

व्हिएतनामला पदवी, इंग्रजी शिकवण्याचं प्रमाणपत्र आणि भाषेच्या पातळीचा पुरावा अशी तिन्ही कागदं हवीत. मालदीवमध्ये भारतीय शिक्षक पूर्वापार जात आले आहेत. बेटावरचा एकांत सोसत असेल, तर तिकडेही पाहा. अमेरिकेच्या जे-१ शिक्षक व्हिसासाठी शिक्षणशास्त्राची किंवा विषयाची पदवी आणि दोन वर्षांचा पूर्णवेळ अनुभव लागतो. तो तीन वर्षांचा असतो आणि पुढे वाढू शकतो, पण त्यासाठी लागणारी एजन्सीची फी जड जाते.

कागदपत्रं: इथेच सगळ्यात जास्त वेळ जातो

जून-जुलैमध्ये लागा, म्हणजे पुढच्या एप्रिलला पोहोचाल. ही अतिशयोक्ती नाही.

मूळ पदवी प्रमाणपत्र हातात आहे का ते आज पाहा. आपल्याकडे अनेकांनी गुणपत्रिकेवर आणि उत्तीर्ण झाल्याच्या दाखल्यावर वर्षानुवर्षं काम चालवलेलं असतं, दीक्षान्त समारंभाचा अर्ज भरलेलाच नसतो. विद्यापीठाकडून ते प्रमाणपत्र काढायला महिना-दीड महिना सहज जातो. सोबतच सगळ्या वर्षांच्या गुणांचं एकत्रित ट्रान्स्क्रिप्ट मागून घ्या. आणि एक विनंती: प्रमाणपत्रं लॅमिनेट करू नका. आपल्या घरात प्रेमाने ते करतात, पण प्लास्टिकवर शिक्का बसत नाही, मग लॅमिनेशन सोलताना कागद फाटतो आणि दुसऱ्या प्रतीसाठी पुन्हा विद्यापीठाच्या खिडकीवर उभं राहावं लागतं.

आता नावाचा प्रश्न. महाराष्ट्रात हा इतका नेहमीचा आहे की त्यावर वेगळं लिहिलं पाहिजे. आपल्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं, कधी आईचंही. पासपोर्टवर क्रम वेगळा. लग्नानंतर बाईचं आडनावही बदलतं आणि मधलं नावही. परदेशातल्या कारकुनाला 'पाटील सुनीता रामचंद्र' आणि 'सुनीता महेश देशमुख' या दोन वेगळ्या बायका वाटतात, आणि त्यात त्याचा दोष नाही. विवाह नोंदणी प्रमाणपत्र आणि महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात छापलेली नावबदलाची सूचना, ही दोन कागदं जोडली की प्रश्न मिटतो. राजपत्राचा अर्ज ऑनलाइन करता येतो. ज्यांचं लग्न ठरलंय आणि परदेशाचाही विचार आहे, त्यांना माझा सल्ला असतो की पासपोर्टवर माहेरचंच नाव राहू द्या. कायद्याने नाव बदलणं बंधनकारक नाही.

अनुभवाचा दाखला हा आणखी एक अडसर. विनाअनुदानित शाळेत नेमणुकीचं पत्र मिळालेलं नसतं, पगार रोख झालेला असतो. असं असेल तर आजपासून पगार बँकेत घ्या. मुख्याध्यापकांकडून शाळेच्या पत्रावर तारखा, विषय, इयत्ता आणि पूर्णवेळ असल्याचा स्पष्ट उल्लेख असलेला दाखला घ्या. त्यावर शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी मिळाली तर फारच चांगलं. अनुदानित शाळेत कायम असाल, तर घाईने राजीनामा देऊ नका. आधी रजेचे नियम वाचा, संस्थेशी लेखी बोला, ना हरकत प्रमाणपत्र मागा.

पुढची पायरी साक्षांकनाची. पदवीवर आधी राज्य शासनाचा शिक्का, मग परराष्ट्र मंत्रालयाचा. त्यानंतर दोन वाटा फुटतात. हेग करारातल्या देशांसाठी परराष्ट्र मंत्रालय एपोस्टिल, म्हणजे त्या सगळ्या देशांत चालणारा कागद खरा असल्याचा शिक्का, देतं आणि तिथेच काम संपतं. ओमान, बहारीन, जपान, कोरिया या करारात आहेत. सौदी अरेबियाही डिसेंबर २०२२ पासून त्यात आला. अमिरातींसाठी मात्र परराष्ट्र मंत्रालयानंतर त्यांच्या वकिलातीचा शिक्का घ्यावा लागतो आणि तिकडे पोहोचल्यावर त्यांच्या परराष्ट्र खात्याचा. एपोस्टिलचं सरकारी शुल्क कागदामागे फक्त ५० रुपये आहे, त्यावर अधिकृत संकलन केंद्राचं छोटं सेवाशुल्क. एका कागदाचे पाच-सात हजार मागणारा माणूस कशाचे पैसे घेतो, ते त्याला पावतीवर लिहून द्यायला सांगा.

ज्यांची पदवी मुक्त विद्यापीठाची आहे, त्यांनी अर्ज करण्यापूर्वीच शाळेला ते सांगावं. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाने कितीतरी जणांना शिकवलंय आणि त्या पदवीत कमीपणा काहीच नाही. पण आखातातल्या काही खात्यांना नियमित वर्गात बसून घेतलेलीच पदवी हवी असते आणि ते विद्यापीठाला पत्र लिहून विचारतात. नोकरी मिळून, राजीनामा देऊन, मग हे कळणं फार वाईट.

पोलिसांचं चारित्र्य प्रमाणपत्र पासपोर्ट सेवा केंद्रातून घ्या, शुल्क ५०० रुपये. ते अगदी लवकर काढू नका. बहुतेक देश सहा महिन्यांपेक्षा जुनं घेत नाहीत.

प्रमाणपत्राचा कोर्स करावा का?

बी.एड. आहे आणि आखातातल्या भारतीय शाळेतच जायचंय, तर वेगळ्या कोर्सवर पैसे घालवू नका. बाकी सगळ्यांनी विचार करावा.

या धंद्यात सर्वांत मान आहे तो केंब्रिजच्या सेल्टा या इंग्रजी अध्यापनाच्या प्रमाणपत्राला. १२० तासांचा कोर्स, सहा तास खऱ्या विद्यार्थ्यांना शिकवायचं आणि शिक्षक मागे बसून टिपणं काढणार, शिवाय चार लेखी स्वाध्याय. पूर्णवेळ केला तर चार ते पाच आठवडे लागतात. तो ऑनलाइनही करता येतो. खर्च लाखाच्या वर जातो. ट्रिनिटीचा कोर्सही याच तोडीचा. '१२० तासांचा टेफल' म्हणून दोन-चार हजारांत मिळणारी ऑनलाइन प्रमाणपत्रं याच आकड्याच्या आधाराने चालतात. व्हिसाच्या फाइलीत एक कागद एवढाच त्यांचा उपयोग, कारण त्यात शिकवण्याचा सराव नसतो. आपल्या जवळचा एक चांगला पर्याय म्हणजे हैदराबादच्या इंग्रजी आणि परकीय भाषा विद्यापीठाचे दूरशिक्षणाने होणारे इंग्रजी अध्यापनाचे अभ्यासक्रम. ही संस्था १९५८ पासून हेच काम करते आहे.

इंग्रजीची परीक्षा मात्र सगळ्यांनी द्यावी. आयेल्ट्सचे गुण दोन वर्षं धरले जातात. सात किंवा त्यावर बँड असेल, तर 'तुमची मातृभाषा इंग्रजी नाही' या वाक्यानंतर तुमच्याकडे पुढे ठेवायला एक आकडा असतो.

नमुना पाठ

मी इथे जास्त थांबणार आहे, कारण कागदपत्रं पूर्ण असलेले शिक्षक इथे अडकतात.

आपल्याकडे इंग्रजी शिकवणं म्हणजे धडा वाचणं, मराठीत अर्थ सांगणं, प्रश्नोत्तरं फळ्यावर लिहून देणं. मीही आठ वर्षं तसंच शिकवलं आणि मुलं पासही झाली. थायलंडमधल्या पहिल्या वर्गात ४५ मुलं होती. मी एक वाक्य वाचलं आणि पुढचं वाक्य तोंडातच राहिलं, कारण अर्थ सांगायला भाषाच नव्हती. मला थाई येत नव्हतं, त्यांना मराठी येत नव्हतं. त्या दिवशी मला कळलं की मी आजवर भाषांतर शिकवत होते.

म्हणून निघण्यापूर्वी एक सवय लावून घ्या. रोज एक शब्द किंवा एक रचना घ्या आणि मराठीचा एकही शब्द न वापरता घरातल्या लहान मुलाला शिकवा. उदाहरण घ्या 'बॉरो' आणि 'लेंड' या जोडीचं. मराठीत दोन्हीकडे 'उसनं' आहे, एकदा घेणं आणि एकदा देणं. म्हणूनच आपली मुलं ती जोडी हमखास उलटी करतात, आणि थाईतही दोन्हींसाठी एकच मूळ क्रियापद आहे. मी काय करते? एका मुलाकडून पेन मागते, त्याने फळ्यावर दोन शब्द लिहिते आणि परत देते. मग दोन माणसं काढते, मध्ये पेन, आणि बाण. बाण माझ्याकडे आला की 'बॉरो', माझ्याकडून गेला की 'लेंड'. मग विचारते: पेन कोणाचं? आत्ता कोणाकडे आहे? परत जाणार का? ही छोटी प्रश्नावली हाच पाठाचा कणा. अर्थ पोहोचला की नाही ते तिच्यातून दिसतं. 'डू यू अंडरस्टँड?' हा प्रश्न विचारायचाच नाही. जगातला कुठलाही वर्ग त्याला 'यस, टीचर' म्हणतो.

मुलाखतीत १० ते २० मिनिटांचा नमुना पाठ घ्यायला सांगतात, बहुधा ऑनलाइन. समोर बसलेली दोन मोठी माणसं मुलं असल्याचं सोंग करतात. ते बघतात तुम्ही किती बोलता आणि त्यांना किती बोलायला लावता. पाठाचं एकच उद्दिष्ट ठेवा. सूचना चार-पाच शब्दांत द्या, करून दाखवा, मग त्यांना करू द्या. चूक झाली की लगेच झेप घेऊ नका. बोट वर करून थांबा, त्यालाच सुधारायची संधी द्या. आपण शिक्षक हे सगळ्यात उशिरा शिकतो.

उच्चारांची काळजी बरेच जण चुकीच्या जागी करतात. अमेरिकन सुरात बोलायची काहीच गरज नाही, आणि तसा आव आणला की ऐकणाऱ्याला तो लगेच कळतो. आपल्याकडे खरोखर दुरुस्त करण्यासारख्या तीन-चार जागा आहेत. मराठीत एकच 'व' आहे. इंग्रजीत दोन. 'व्हेरी' म्हणताना वरचे दात खालच्या ओठाला लागले पाहिजेत, 'वेल' म्हणताना ओठ गोल व्हायला हवेत आणि दात लांब राहायला हवेत. आरशासमोर आठवडाभर करा. 'शिप' आणि 'शीप' यांतला ऱ्हस्व-दीर्घ फरक आपल्याला लिहिताना माहीत असतो, तोच बोलताना पाळा. शब्दातला आघात कुठे येतो तो शब्दकोशात पाहा. 'डेव्हलप'मध्ये तो दुसऱ्या अवयवावर आहे, आपण बहुतेक सगळे पहिल्यावर टाकतो. आणि एक जमेची बाजू: शब्दाच्या शेवटचं व्यंजन आपण स्पष्ट उच्चारतो. थाई मुलांना नेमकं तेच अवघड जातं, त्यामुळे आपलं बोलणं त्यांना चांगलं समजतं.

मराठीतून घसरत आलेली काही वाक्यं मात्र शोधून काढा. आपण परीक्षा 'देतो', म्हणून 'गिव्ह द एक्झाम' म्हणतो. तिकडे परीक्षा शिक्षक देतात, विद्यार्थी 'टेक' करतो. 'उद्याच येते' यातला 'च' आपण 'ओन्ली' करून वाक्याच्या शेवटी लावतो. 'डिस्कस'नंतर 'अबाउट' जोडतो. 'आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स' म्हणतो. सहकाऱ्याला स्वतःचा पाठ ध्वनिमुद्रित करून द्या आणि निव्वळ ही वाक्यं मोजायला सांगा.

शोध आणि एजंट

बायोडेटा दोन पानांचा. आपल्या संस्थांच्या अर्जात असतात ते जात-प्रवर्ग, वडिलांचा व्यवसाय, जन्मगाव हे सगळं काढून टाका. फोटो ठेवा, आखात आणि थायलंड दोन्हीकडे तो अपेक्षित असतो. कोणत्या इयत्तांना, आठवड्याला किती तास, वर्गात किती मुलं, हे लिहा. ६० मुलांचा वर्ग सांभाळलेला शिक्षक ही आपली मोठी जमा आहे आणि आपण ती लिहीतच नाही.

आखातासाठी शाळांच्या संकेतस्थळांवरचं नोकरीचं पान थेट पाहा. दुबईत शाळांवर केएचडीए, अबू धाबीत एडेक ही खाती देखरेख करतात. शिक्षकाची नेमणूक त्यांच्या नियमांत बसावी लागते, म्हणून तुमच्या पदवीचा नेमका विषय शाळेला आधीच कळवा. थायलंडसाठी अजार्न डॉट कॉम हे जुनं आणि कामाचं ठिकाण. 'अजार्न' म्हणजे आपला 'आचार्य'. थाईतला 'ख्रू' म्हणजे शिक्षक, तो 'गुरु'वरून आला. 'फासा' म्हणजे भाषा. त्यांची वर्णमालाही आपल्यासारखीच कंठ्य, तालव्य अशी गटागटाने जाते. मी दोन महिन्यांत शाळेच्या पाट्या वाचायला लागले, याचं श्रेय पहिलीत गिरवलेल्या क-ख-ग-घ-ङ ला आहे.

एजंटाकडे जायचंच असेल, तर तो परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट यादीत नोंदलेला आहे का ते पाहा. १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखाली ही नोंदणी लागते. असा नोंदणीकृत एजंट उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३० हजार रुपये आणि त्यावर जीएसटी एवढंच घेऊ शकतो, आणि पावती द्यायला बांधील असतो. माझ्याकडे एका कार्यालयात सव्वा लाख मागितले होते, तेही रोख. त्या वेळी हा नियम मला माहीत असता, तर मी तिथे दोन तास बसले नसते.

टुरिस्ट व्हिसावर या, इथे आल्यावर बदलून देऊ, असं कुणी म्हणालं की बोलणं तिथेच थांबवा. नमुना पाठ न घेता, व्हॉट्सॲपवर दहा मिनिटांत नोकरी देणाऱ्याचंही तेच. सप्टेंबर २०२२ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने इशारा दिला होता की थायलंडमधल्या नोकरीचं आमिष दाखवून तरुणांना म्यानमारमध्ये नेलं जातंय आणि तिथे डांबून ठेवून ऑनलाइन फसवणुकीची कामं करून घेतली जात आहेत. त्या जाहिराती संगणकाच्या कामांच्या होत्या, पण आमिषाची पद्धत तीच असते. थायलंडमध्ये शिक्षकाला नॉन-इमिग्रंट बी व्हिसा लागतो. तो शाळेच्या पत्रावर मुंबईतल्या थाई वाणिज्य दूतावासातून निघण्यापूर्वी घेता येतो. त्यानंतर वर्क परमिट आणि 'खुरुसपा' या त्यांच्या शिक्षक परिषदेची परवानगी. शाळा या तिन्हींचं काय करणार आहे, ते ईमेलवर लिहून घ्या.

करार वाचताना

आखातात पगाराचा आकडा दोन भागांत असतो, मूळ वेतन आणि भत्ते. सेवा संपताना मिळणारी रक्कम मूळ वेतनावर ठरते. अमिरातींच्या कायद्यात पहिल्या पाच वर्षांसाठी दर वर्षामागे २१ दिवसांचं मूळ वेतन आणि त्यानंतर ३० दिवसांचं. एकूण आकडा मोठा आणि मूळ वेतन चिमूटभर असेल, तर पाच वर्षांनी हातात काय पडेल ते कागदावर मांडून बघा. घर शाळा देणार की भत्ता? ते घर एकट्याचं की दोघींत एक खोली? वर्षातून एकदा विमानाचं तिकीट? मुलं सोबत असतील तर त्यांच्या फीमध्ये सवलत किती? उन्हाळ्याच्या सुट्टीचा पगार? हा शेवटचा प्रश्न थायलंडमध्ये जास्त महत्त्वाचा. तिथे एजन्सीमार्फतचे करार बऱ्याचदा दहा किंवा अकरा महिन्यांचे असतात आणि मार्च ते मे यांतला काही काळ खिसा रिकामा राहतो.

पासपोर्ट शाळेकडे जमा करण्याची अट असेल, तर नकार द्या. तो तुमच्याजवळच राहायला हवा. भरतीचा आणि व्हिसाचा खर्च पगारातून कापण्याची अटही अमिरातींत बेकायदा आहे. मधेच सोडल्यास किती दंड, किती दिवसांची नोटीस, ते वाचा आणि करार अरबी किंवा थाईत असेल तर इंग्रजी प्रत मागा.

दोन महिने पगाराशिवाय भागेल एवढे पैसे घेऊन निघा. पहिला पगार महिना संपल्यावर येतो आणि थायलंडमध्ये घरमालक अनामत आधी घेतो. बँकेला कळवून बचत खातं अनिवासी खात्यात बदलून घ्या. हे बरेच जण विसरतात.

पोहोचल्यावर

पहिल्या आठवड्यात भारतीय दूतावासात नोंदणी करा. पासपोर्ट, व्हिसा आणि कराराची छायाचित्रं घरी एका माणसाकडे पाठवून ठेवा. अडचणीत प्रवासी भारतीय सहाय्यता केंद्राचा १८०० ११ ३०९० हा नि:शुल्क क्रमांक भारतातून तुमच्या घरच्यांना लावता येतो, तो त्यांना आजच देऊन ठेवा. तक्रार नोंदवायला परराष्ट्र मंत्रालयाचं 'मदद' हे पोर्टल आहे. थायलंडमध्ये असाल, तर दर ९० दिवसांनी इमिग्रेशनला पत्ता कळवावा लागतो. पहिली तारीख कॅलेंडरवर लाल पेनाने लिहा.

शाळेत सकाळी आठला झेंडा चढतो तेव्हा मुलांसोबत उभे राहा. पहिल्या तासाला कोरे कार्ड आणि जाड स्केचपेन घेऊन जा. थाई मुलांची कागदावरची नावं लांब असतात, पण प्रत्येकाला घरात एक छोटं हाकेचं नाव असतं. ते इंग्रजीत मोठ्या अक्षरांत लिहून बाकावर उभं करायला सांगा, आणि रात्री बसून पहिल्या दोन रांगांची नावं तोंडपाठ करा.